मदत हवी आहे: ही केसगळती तापाची की मिनॉक्सिडिलची (केस वाढवायचं टाळूवर लावायचं औषध)?

भांग मधोमध रुंदावलाय, कपाळावरची केसांची रेघ मात्र जागेवर. गळालेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. म्हणजे बायकांमधली नेहमीची विरळता आणि ३ महिन्यांपूर्वीच्या मोठ्या तापाची गळती, दोन्ही एकदम असावं.

५ टक्क्यांचा मिनॉक्सिडिल फोम, दिवसातून एकदा अर्धं झाकण, कोरड्या टाळूवर. ५ आठवडे झाले. सुरुवातीला गळती वाढते हे ठाऊक आहे, पण ती तापाच्या गळतीपासून वेगळी ओळखायची कशी? फोम चालूच ठेवायचा ना?

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) १८ आलंय, म्हणजे कमी. थायरॉइड नॉर्मल (बायोटिन, म्हणजे केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन, तपासणीच्या २ दिवस आधी बंद होतं, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो). लोहाची गोळी रोज की दिवसाआड?