तिसरी-चौथीच्या मुलांना थोर स्त्रियांबद्दल वाचायला द्यायचं, पण कसं?

पाटीपेन्सिल

मी तिसरी-चौथीला शिकवते. वाचनाच्या तासाला थोर स्त्रियांवरची पुस्तकं देऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यातल्या एका प्रकारावरचा माझा विश्वास पार उडालाय. एका पानावर एक बाई. चित्र, जन्म, मृत्यू, मधे 'धैर्यवान', 'त्यागमूर्ती' अशी चार विशेषणं. पान उलटलं की पुढची.

एकदा वर्गात विचारलं, सावित्रीबाई फुल्यांनी काय केलं? अर्ध्या वर्गाचे हात वर. "त्यांच्या अंगावर लोकांनी शेण टाकलं." आणखी? "चिखलपण टाकला." आणखी? सगळे गप्प. लोकांनी त्यांचं काय केलं ते तोंडपाठ. त्यांनी काय केलं ते मात्र एकालाही सांगता येईना. १८४८ मध्ये त्यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली, १८५४ मध्ये 'काव्यफुले' हा त्यांचा कवितासंग्रह छापला गेला, यातलं काही म्हणजे काही नाही.

म्हणून मागच्या वर्षी पूर्ण महिना एकच बाई घेतली: मेरी ॲनिंग. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस गावी १७९९ मध्ये जन्मलेली. वडील लाकूडकाम करायचे, ते १८१० मध्ये कर्ज मागे ठेवून गेले. हिवाळ्यातल्या वादळांनी कडा ढासळला की दगडात अडकलेली प्राचीन हाडं उघडी पडायची. ती गोळा करून विकायची, त्यावर घर चालवायचं. भावाला एक मोठी कवटी सापडली, उरलेला सांगाडा पुढच्या वर्षी मेरीनं शोधला. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. तो इक्थिओसॉर या समुद्रातल्या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचा निघाला. १८२३ मध्ये तिनं प्लेसिओसॉर या तशाच दुसऱ्या प्राण्याचा सांगाडा काढला. त्याची मान इतकी लांब की क्यूव्हिएसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाला आधी खरी वाटेना. पुढे त्यानं चूक कबूल केली. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्या सांगाड्यावर निबंध वाचला गेला, त्यात मेरीचं नाव नव्हतं. त्या संस्थेत बायकांना सभासद होता आलं १९१९ मध्ये, आणि मेरी तर १८४७ मध्येच गेली होती.

वाचायचा एरवी कंटाळा करणारा एक मुलगा ओळीवर बोट ठेवून थांबला. म्हणाला, "बाई, हाडं नेली लंडनला, मग तिला का नाही नेलं?" त्या एका प्रश्नावर आमचे दोन तास गेले.

माझं म्हणणं एवढंच: वर्षभरात थोड्याच बायका घ्या, पण अख्ख्या घ्या. त्यांचं काम मधोमध ठेवा, सोसणं त्याच्या आजूबाजूला येऊ दे. तुम्हाला काय वाटतं?

पुस्तकपेटी

असहमत. मी वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळते. ज्या एकपानी पुस्तकांवर तुम्ही रागावलात, ती दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या हातात असतात.

एक मुलगी रोज यायची, वर्गात सगळ्यांत बुटकी. पानं उलटता उलटता एकदम थांबली. कॅरोलिन हर्शेल. दहाव्या वर्षी टायफस झाला, उंची सव्वाचार फुटांच्या आसपास खुंटली. पुढे त्या बाईनं आठ धूमकेतू शोधले आणि राजाकडून पगार घेऊन खगोलाचं काम केलं. त्या मुलीनं 'सव्वाचार फूट' या शब्दांवर बोट फिरवलं आणि भिंतीवरच्या पट्टीपाशी जाऊन स्वतःची उंची बघून आली. आधीच जाड चरित्र पुढ्यात टाकलं असतं तर तिनं हातही लावला नसता.

आणि महिन्याला एक म्हटलं की निवड कोण करणार? तुम्ही. ज्या मुलाला हाडांत गोडी नाही त्यानं महिनाभर काय करायचं?

सरळरेषा

दोघींच्याही आधीचा मुद्दा मांडतो. मुळात 'थोर स्त्रिया' हा कप्पाच नको. मी वरच्या वर्गांना इतिहास शिकवतो. "आज आपण थोर स्त्रियांबद्दल वाचणार" म्हटलं की माझ्या वर्गातली निम्मी मुलं बाकाला टेकून बसतात, हे आपल्यासाठी नाही म्हणून. मुलींनाही कळतं की खरा धडा वेगळा आणि ही चौकट वेगळी. किरणोत्सर्ग शिकवा, मेरी क्युरी येतेच. जीवाश्म शिकवा, ॲनिंग येतेच. विषयाच्या ओघात आली की कोणी मान वाकडी करत नाही.

कालपट

सरळरेषा, "येतेच" हा शब्द मला अजिबात पटला नाही. ती आपोआप येत नाही, आणावी लागते.

तुमचंच उदाहरण घ्या. १९०३ च्या भौतिकीच्या नोबेलसाठी फ्रेंच शास्त्रज्ञांनी पाठवलेल्या शिफारशीत पिएर क्युरी आणि बेकरेल ही दोनच नावं होती. पिएरच्या बायकोचं, मेरी क्युरीचं, नव्हतं. मिताग-लेफ्लर या स्वीडिश गणितज्ञानं पिएरला हे कळवलं, पिएरनं पत्र लिहून आग्रह धरला, तेव्हा कुठे तिचं नाव आलं. तिनं स्वतः केलेल्या कामातही तिचं नाव ओघात आलं नाही, तर पाठ्यपुस्तकात कसं येणार?

दुधाचे दात

मी शिक्षिका नाही, आठ वर्षांच्या मुलीची आई आहे. इथे सगळे किती वाचायचं यावर बोलताय. मला 'किती सांगायचं' हे विचारायचंय.

आनंदीबाई जोशींचं चरित्र मी हौसेनं लेकीला वाचून दाखवलं. नवव्या वर्षी लग्न. नवऱ्याचा मार. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीसही पूर्ण व्हायच्या आत, गेल्या. रात्री लेक माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "माझं पण नवव्या वर्षी करणार?" तिला नववं लागायला दोन महिने होते. मला रडू आलं. आता मी म्हणते, दहा वर्षांपर्यंत हसत्या गोष्टीच द्याव्यात.

पाटीपेन्सिल

दुधाचे दात, तुमच्या लेकीचा प्रश्न वाचून मीही क्षणभर थांबले. मारहाणीचं वर्णन तिसरीला मीही वाचत नाही. पण ती कात्री जपून चालवायला हवी. मार वगळला आणि बाळ वगळलं की उरतं काय? "गोपाळरावांनी शिकवलं म्हणून आनंदी शिकली." ते तर धडधडीत अर्धसत्य आहे.

मी त्यांचं श्रीरामपूरचं भाषण घेते. १८८३ मध्ये अमेरिकेला जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी जाहीर सभेत लोकांच्या शंकांना एकेक करून उत्तर दिलं. इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? इतर कुठल्याच बाईनं जे केलं नाही ते तूच का करावंस? मी फळ्यावर फक्त प्रश्न लिहिते. मुलं आधी स्वतःची उत्तरं देतात, मग आम्ही आनंदीबाईंची बघतो. सतरा वर्षांची मुलगी भर सभेत उभी राहून बोलतेय हे मुलांच्या डोळ्यासमोर येतं. त्यात भीती आहे, पण झोप उडवणारी नाही.

दुधाचे दात

हे करून बघेन. तरी वयाचा मुद्दा मी सोडलेला नाही.

कालपट

छोट्या पानांविरुद्ध माझी एक मोठी तक्रार आहे. अमेरिकेतल्या रोझा पार्क्सची. मुलांच्या पुस्तकांत हमखास असं असतं: एक शिवणकाम करणारी बाई कामावरून थकून आली, बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही, आणि इतिहास बदलला. १ डिसेंबर १९५५ ला ती उठली नाही हे खरंच. पण त्याआधी बारा वर्षं ती कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेत सचिव म्हणून काम करत होती. अंग दुखत होतं म्हणून नव्हे, मनानं वाकायला नको म्हणून उठली नाही, असं तिनं नंतर स्वतःच सांगितलंय. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्विन ही पंधरा वर्षांची मुलगीसुद्धा त्याच शहरात अशीच जागेवरून उठली नव्हती. पार्क्सला अटक झाली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं जागून हजारो पत्रकं छापली. त्यातून बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला, लोक पायी कामावर गेले.

'थकलेली बाई' वाचून मूल काय शिकतं? की धाडस अंगात अचानक येतं. ज्याच्या अंगात येत नाही त्यानं गप्प बसावं. हा मुलांवर अन्याय आहे.

पुस्तकपेटी

कालपट, तक्रार शंभर टक्के मान्य. पण ती लांबीबद्दलची कुठे आहे? "ती थकली होती म्हणून उठली नाही" आणि "ती बारा वर्षं संघटनेचं काम करत होती, म्हणून उठली नाही". मोजून बघा, दुसऱ्या वाक्याला चारच शब्द जास्त लागले. पान छोटं असूनही खरं असू शकतं. आणि तीनशे पानी चरित्रातही 'त्यागमूर्ती' भरून ठेवता येते.

पाटीपेन्सिल

हे मला मानावं लागेल. माझा राग पानाच्या आकारावर निघाला, तो लिहिणाऱ्यावर निघायला हवा होता. यंदा क्रम बदलते. आधी तुमची एकपानी पुस्तकं आठवडाभर वर्गात पडू देते. मुलं जिथे थांबतील ती बाई महिन्यासाठी घेऊ. निवड माझी नाही, त्यांची.

फक्त एक महिना मी माझ्याकडे राखून ठेवतेय, मुक्ता साळवेसाठी. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आमचा धर्म कोणता, ते देवानंच सांगावं, असं ती त्यात सरळ देवाला विचारते. भाषा जुनी आहे, म्हणून मी मोठ्यानं वाचणार आणि मुलं ऐकणार. तिच्याबद्दल कोणीतरी लिहिलेलं नको, तिनं लिहिलेलंच हवं.

सरळरेषा

क्युरीच्या उदाहरणापुढे माझं 'येतेच' टिकत नाही, मान्य. पण कप्प्याला माझा विरोध आहेच. 'स्त्रिया' अशी चिठ्ठी लावलेलं शेल्फ मी वर्गात ठेवणार नाही. माझ्याकडे शेल्फं अशी लागतील: धूमकेतू, हाडं, बस, खटले. खटल्यांत रखमाबाई. बालपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये लागला, तेव्हा तुरुंगात जाईन म्हणणाऱ्या. हे पुस्तक मुलगेही उचलतील, कारण शेल्फवर 'खटले' लिहिलंय.

पुस्तकपेटी

पण त्या पुढे लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन कितीतरी वर्षं दवाखाना सांभाळला. 'खटले'मध्ये ठेवलंत तर ते कोणाच्या हाताला लागणार?

सरळरेषा

खरंय. 'दवाखाने' असंही एक शेल्फ करतो. दोन्हीकडे एकेक प्रत.