मदत हवी आहे : १:३२ वैमानिकाचा गव्हाळ चेहरा कसा रंगवायचा?

मंडळी, हरिकेन या लढाऊ विमानाच्या मॉडेलशेजारी उभी करण्यासाठी महिंदरसिंग पुज्जी यांची १:३२ प्रमाणातली (खऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढी) आकृती रंगवतोय. १९४१मध्ये रॉयल एअर फोर्समधून हरिकेन उडवणारे शीख वैमानिक, पगडी बांधूनच उड्डाण करायचे. पगडी आणि गणवेश मनासारखे झालेत, घोडं अडलंय चेहऱ्यावर.

डोकं जेमतेम ७ मिमी. खाली अ‍ॅक्रिलिकचा तपकिरी थर, वर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) हे तैलरंग. डोळ्यांच्या खोबणीतल्या, नाकाच्या कडेच्या सावल्या छान बसतात. पण नाकाचा शेंडा आणि गालांची हाडं उजळायला पांढरा मिसळला की कातडी राखाडी, पीठ फासल्यासारखी दिसते. मिळतात ती बहुतेक मिश्रणं गोऱ्या कातडीची, त्यामुळे इथे ती कुचकामी. पांढऱ्याऐवजी काय घेता? ऑकरमध्येच थोडा नारिंगी चालेल का?

दाढीचंही तेच. सपाट काळी केली की वेगळी चिकटवल्यासारखी वाटते. गालाकडे ती कातडीत विरवायची कशी, ओल्या रंगातच की वाळल्यावर पातळ थरांनी?

आणि डोळे. १:४८च्या, म्हणजे याहून लहान आकृतीला पापणीची गडद रेघ पुरते. इथे डोळा १ मिमीचा आहे, तेव्हा हस्तिदंती रंग भरून बुबुळ काढावं की नको? शुद्ध पांढऱ्याने नजर दचकल्यासारखी होते.

ज्यांनी गव्हाळ, सावळे चेहरे रंगवलेत त्यांनी रंगांचं प्रमाण आणि थरांचा क्रम कृपया सांगा. जवळून काढलेला फोटो असेल तर फारच उत्तम. हा चेहरा पुज्जींचाच वाटावा, अशी मनापासून इच्छा आहे.