जेंडरचं 'नंतर बघू' म्हणजे कधी?
"आधी संस्थेची घडी बसू दे, जेंडरचं नंतर बघू" हे स्वयंसेवी संस्थांमध्ये ऐकू येणारं म्हणणं वरवर व्यवहारी वाटतं, पण मला पटत नाही. घडी बसते तीच मुळात कुणाच्या तरी सोयीने. घरोघरी फिरणाऱ्या बहुतेक बायका, त्यांना मानधन. पगार आणि सह्यांचे अधिकार मात्र वर बसलेल्या पुरुषांकडे. आणि क्षमताबांधणीचं प्रशिक्षण? ते निवासी. तान्हं मूल असलेली कार्यकर्ती जाणार कशी? मग अहवालात शेरा, "महिला पुढे येत नाहीत."

१९९५च्या बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेनंतर 'जेंडर मेनस्ट्रीमिंग', म्हणजे प्रत्येक धोरणात नि कामात स्त्री-पुरुष समतेचा विचार, प्रस्तावाप्रस्तावांत आलं. बऱ्याच ठिकाणी झालं एवढंच, की एक जेंडर समन्वयक नेमली, तीही कनिष्ठ पदावर. हाती ना बजेट, ना भरतीत शब्द. स्त्रीवादी अभ्यासक मॅक्झिन मॉलिन्यू यांनी १९८५ मध्येच स्त्रियांचे व्यावहारिक (रोजच्या गरजांचे) आणि व्यूहात्मक (सत्तेतली विषमता बदलण्याचे) हितसंबंध असा फरक मांडला होता. पाणी जवळ आलं की बाईचे कष्ट वाचतात. पण पाणी समितीत तिचं ऐकतात का, हा वेगळा प्रश्न. हाच फरक संस्थेला लावून बघा. पाळणाघर हवंच, पण पगारश्रेणी कोण ठरवतं?

देणगीदारही यातून सुटत नाहीत. प्रकल्पाला पैसे देतात, संस्थेच्या खर्चाला हात आखडता. मग बाळंतपणाच्या रजेवर गेलेलीच्या जागी बदली माणूस घेता येत नाही, नि पुढच्या भरतीत नवविवाहितेचा अर्ज आपसूक तळाशी जातो. लैंगिक छळाविरुद्धची समिती कागदावर असतेच म्हणा. खुद्द संचालकाविरुद्ध तक्रार आली तर ती कुणाकडे जाते, तेवढं विचारून बघा.