आत्याची मॉर्फिनची गोळी आणि घरातल्या दोन पार्ट्या

कडकभाकरी
आमच्या आत्या, वय ७१, उभा जन्म विड्या वळण्यात गेला. कॅन्सर आता मणक्यात उतरलाय. रात्री पदराचा बोळा दातात धरून पडायच्या, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. काका म्हणतात, "अफू आहे ती. आक्काला या वयात नशेला लावता का? आणि मॉर्फिन दिलं म्हणजे संपलंच की."

माझं म्हणणं सरळ आहे. दुखणं सोसण्यात कसलंही पुण्य नाही, गोळी द्यायची. शिवाय ही काही शरीराला परकी वस्तू नव्हे. १९७३ मध्ये मेंदूत अफूजन्य औषधांची 'कुलुपं' सापडली, म्हणजे ही औषधं नेमकी जाऊन बसतात त्या जागा. मग प्रश्न पडला, खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप कशाला? १९७५ मध्ये ॲबर्डीनला ह्यूजेस आणि कॉस्टर्लिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून खरी किल्ली काढली, एन्केफॅलिन. एंडॉर्फिन त्याच घराण्यातलं. मॉर्फिन ही त्या किल्लीची डुप्लिकेट. यात घाबरण्यासारखं काय आहे?

बाराबंदी
शरीरात अस्सल किल्ली असताना डुप्लिकेट कशाला, हाच माझा सवाल आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मी नंदीध्वज, म्हणजे सिद्धेश्वराची ती उंच काठी, पेलतो. अडुसष्ट लिंगांच्या फेरीत एका वर्षी अंगठ्याचं नख उलटलं. अनवाणी होतो, तरी पत्ता नाही. रात्री अंगातली बाराबंदी (यात्रेतला पांढरा पोशाख) उतरवली, पाय धुवायला बसलो, तेव्हा रक्त दिसलं आणि मग ठणका लागला बे, विचारू नका. हे कुठल्या गोळीनं केलं? श्रद्धेनं केलं. आत्यांजवळ बसा, नाव घ्या, पाय चेपा. बाहेरून आयतं मिळालं की शरीर स्वतःचं बनवायला आळसावेल, अशी मला भीती वाटते.

पाळी_रात्रीची
बाराबंदी दादा, तुमचा अनुभव शंभर टक्के खरा. मी कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दुखऱ्या जागेची खबर आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत येते आणि तिथून वर मेंदूत जाते. तिथे एक नाका आहे. मेंदूचं लक्ष जिवावरच्या कामात असलं की मेंदूच्या मध्यभागातून खाली हुकूम सुटतो आणि नाक्यावर शरीराचं स्वतःचं ओपिऑइड, म्हणजे एन्केफॅलिनसारखं अफूच्या जातीचं रसायन, सुटतं. खबर देणाऱ्या नसेच्या टोकाशी कॅल्शियम आत येणं बंद होतं, म्हणून ती पुढच्या पेशीला निरोप देत नाही. पुढची पेशीही पोटॅशियम बाहेर पडल्यामुळे सुस्तावते. मॉर्फिनही त्याच कुलुपात बसतं, नाक्यावरही आणि वर मेंदूतही.

पाय चेपण्याचंही तसंच. चेपल्यावर स्पर्शाच्या जाड नसा दुखण्याच्या बारीक नसांना नाक्यावर अडवतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हे मांडलं. म्हणजे आई फुंकर घालून चोळायची ते उगाच नव्हतं.

पण अस्सल किल्ली टिकते किती? एन्केफॅलिन सुटल्या सुटल्या एन्झाइमं त्याचे तुकडे करतात. ही सोय संकटातून निसटण्यापुरती आहे. यात्रा संपली, तुमचा ठणका सुरू झाला. आत्यांची यात्रा रात्रंदिवस चालू आहे.

चाटी_गल्ली
श्रद्धेला एवढ्यात बाजूला सारू नका. १९७८ मध्ये अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. औषध नसलेलं इंजेक्शन देऊनही काहींचं दुखणं कमी झालं, आणि मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन दिल्यावर तो आराम ओसरला. म्हणजे नुसत्या विश्वासानं शरीर खरंखुरं औषध सोडतं.

पाळी_रात्रीची
बरोबर. पण 'काहींचं', सगळ्यांचं नाही. आणि अक्कलदाढेत व मणक्यातल्या गाठीत फरक आहे की नाही?

दुकानदार_मेडिकलवाला
सगळे पुस्तकातलं बोलताय, मी काउंटरवरचं बोलतो. वीस-बावीसची पोरं चिठ्ठीशिवाय ट्रामाडॉल, म्हणजे अफूसारखंच काम करणारी दुखण्याची गोळी, मागायला यायची. २०१८ मध्ये सरकारनं ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं ते उगाच नाही. अमेरिकेत साध्या कंबरदुखीलाही ऑक्सिकोडोन हे तसलंच औषध वाटलं आणि गावंच्या गावं व्यसनात बुडाली. 'घाबरू नका' म्हणणं सोपं असतं ओ साहेब. डोस चुकला तर श्वास थांबतो. काकांची भीती वेडी नाही.

कडकभाकरी
मेडिकलवाले, कंबरदुखीला मॉर्फिन द्या असं कुणी म्हटलं का? आणि भीतीची दुसरी बाजूही बघा. गाझीपूर आणि नीमचला सरकारी अफूचे कारखाने आहेत, शेती मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्यानं चालते. देश अफू पिकवतो आणि आमच्या आत्या पदर चावतात. १९८५ च्या त्याच एनडीपीएस कायद्यानंतर परवान्यांची इतकी झंझट झाली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन वाट सोपी झाली, तरी मला एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात तीन दिवस फिरवलं. नाव घेत नाही.

पाळी_रात्रीची
मेडिकलवाल्या दादांचा मुद्दा खोटा नाही. श्वासाचा धोका आहेच, म्हणून कमी डोसपासून चढत जातात आणि आम्ही गुंगीवर नजर ठेवतो. पण दोन गोष्टींची गल्लत होते. महिनोन्महिने घेतल्यावर शरीर सरावतं, एकदम बंद केलं तर घाम, कळा, तगमग होते, म्हणून बंद करताना हळूहळू उतरवायचं. हे व्यसन नव्हे. औषधासाठी जीव कासावीस होणं, चोरून घेणं, नुकसान दिसत असूनही न सोडणं, ते व्यसन. कॅन्सरच्या दुखण्यात देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिननं ते क्वचितच दिसतं. 'दिलं म्हणजे संपलं' हेही चूक. दुखणं हटल्यावर जेवायला उठून बसलेली माणसं मी रोज बघते.

एकच सांगते, पोट घट्ट होतं. मळमळ काही दिवसांत जाते, बद्धकोष्ठ जात नाही. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध जोडीला लागतं. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर मागून घ्या.

बाराबंदी
ठीक. तरी नामस्मरण सोडू नका म्हणेन.

पाळी_रात्रीची
सोडा असं म्हटलंय कुणी?

कडकभाकरी
अपडेट. आत्यांनी काल दह्यात कालवून शेंगा चटणी मागितली. गोळी दर चार तासांनी आहे, रात्री दोनच्या डोसला काका स्वतः गजर लावून उठतात, आणि कुणाला हात लावू देत नाहीत.

पाळी_रात्रीची
डॉक्टरांना विचारा, झोपतानाचा डोस वाढवून मधला टाळता येतो बहुतेकदा. मनानं करू नका.

कडकभाकरी
विचारतो. पण काकांना सवय लागलीय उठायची. दोनला दोघं चहा पितात.