हार्ट फेल्युअरवर ‘नस जाळतात’ म्हणे. कुठली नस?

थोरली:
आई ७१ वर्षांची. दीड वर्षापूर्वी हार्ट फेल्युअर निघालं, पण इकोत पंपिंग ६० टक्के. पंपिंग चांगलं तर फेल्युअर कसलं, हे मला अजून नीट पचलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आकुंचन पावतं नीट, सैल पडत नाही. लघवीची गोळी, बीपीची गोळी आणि ती मूळची डायबेटिसची एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे.

रोज सकाळी तिचं वजन वहीत लिहिते, नडगीवर बोट दाबून खड्डा पडतो का बघते. गेल्या महिनाभरात वजन अर्धा किलोही हललेलं नाही, पायांना सूज नाही. तरी चपलेचा पट्टा लावायला वाकली की धाप लागते. परवा तर वाकूनच बोलत होती, वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि उठून भिंतीला टेकली.

भावाने एक व्हिडिओ पाठवला, त्यात नस जाळून इलाज करतात म्हणे. आईने ऐकलं आणि म्हणाली, “नस जाळली तर रक्त जाणार कुठून?” मला उत्तर देता येईना. ओळखीच्या एका काकांचं ॲब्लेशन झालंय, ते आता खुशाल फिरतात. तेच का हे?

घाईत_आहे:
काकांचं बहुतेक एएफचं, म्हणजे ठोके अनियमित पडतात त्याचं ॲब्लेशन. ते वेगळं. बाकी जाणकार सांगतील.

कॅथलॅबातला:
मी डॉक्टर नाही. १९ वर्षं कॅथ लॅबमध्ये, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदय तपासतात तिथे, टेक्निशियन होतो, स्क्रीनवरच्या प्रेशरच्या रेघा बघण्यात उमर गेली. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

आईंची शंका एकदम रास्त आहे. घोळ आपल्या ‘नस’ या शब्दाचा. रक्ताची शीरही नस आणि मज्जातंतूही नसच. इथे जाळतात तो मज्जातंतू. शीर फक्त तिथवर जायची वाट असते, ती शाबूत राहते.

काकांचा विषय आधी संपवतो. त्यात हृदयाच्या आतली जागा जाळतात, मज्जातंतू हे तिथलं लक्ष्य नसतं. पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी आणि जोडीला एएफ, अशा रुग्णांवर कॅसल-एएफ नावाची चाचणी झाली. २०१८ मध्ये आलेल्या तिच्या निकालात मृत्यू आणि हार्ट फेल्युअरमुळे होणाऱ्या भरत्या कमी दिसल्या. आईंना एएफ नसेल तर त्यांचा याच्याशी संबंध नाही.

दुसरं किडनीच्या धमनीभोवतालचे मज्जातंतू जाळण्याचं. त्याला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती हाय बीपीसाठी, हार्ट फेल्युअरसाठी नव्हे.

व्हिडिओत बहुधा तिसरं असणार, ग्रेटर स्प्लँक्निक नर्व्हचं, म्हणजे पोटाकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूचं. आणि त्याचं मूळ तुमच्या वजनाच्या वहीत आहे.

शरीरातल्या रक्ताचा मोठा साठा पोटातल्या शिरांमध्ये नुसता पडून असतो. वापरात नसलेली शिल्लक समजा. हा मज्जातंतू चेकाळला की त्या शिरा आवळतात आणि शिल्लक छातीकडे ढकलली जाते. निरोगी हृदय ते सामावून घेतं. आईंचं हृदय ताठर, म्हणून दाब मागे फुप्फुसात चढतो. रक्त तेवढंच, फक्त जागा बदलली. मग वजनकाट्याला कळणार कसं?

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फुप्फुसाच्या धमनीत कॅथेटर (बारीक नळी) बसवलेलं, बाई टेबलावर आडव्या, वेज प्रेशर, म्हणजे हृदयामागे फुप्फुसात चढलेला दाब, १४. सायकलिंगच्या तपासणीसाठी आम्ही त्यांचे पाय उचलून पेडलवर ठेवले. पेडल अजून एकदाही मारलेलं नाही, सलाइनचा थेंब दिलेला नाही आणि आकडा २३! दोन पेडलं मारेपर्यंत ३० च्या वर. (पडून १५ किंवा व्यायामात २५, ही साधारण निदानाची रेघ.) पायांतलं रक्त वर आलं, एवढंच झालं होतं.

तर इलाज असा: मांडीच्या शिरेतून आत शिरायचं, छातीच्या मागच्या बाजूच्या शिरांमधून मणक्याजवळ पोचायचं आणि शेजारून जाणारा उजवीकडचा मज्जातंतू जाळायचा. शिरा सैल पडतील, रक्त पोटातच थांबेल, अशी अटकळ.

सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत आकडे छान उतरले. मग रिबॅलन्स-एचएफ चाचणीत ९० रुग्ण घेतले. काहींना खरी प्रोसिजर, काहींना लुटुपुटूची, आणि कोणाला कुठली हे रुग्णांना ठाऊक नाही. प्रोसिजर सुरक्षित वाटली, पण महिन्याभराने व्यायामातलं प्रेशर दोन्ही गटांत सारखंच. ठरावीक प्रकारच्या रुग्णांना फायदा होईल असा संशोधकांचा कयास आहे. होईलही. पण ते नव्या चाचणीत दिसायला हवं.

लुटुपुटूच्या प्रोसिजरचं मी एवढं का लावून धरतोय? किडनीच्या वेळी हेच झालं होतं. आधी वाहवा, आणि २०१४ मध्ये ५३५ रुग्णांच्या चाचणीत खोटी प्रोसिजर झालेल्यांचंही बीपी उतरलं, फरक जवळजवळ उरलाच नाही. पुढे यंत्रं आणि पद्धत सुधारून पुन्हा सिद्ध करावं लागलं, त्यात नऊ वर्षं गेली. टेबलावर झोपवून चार माणसं आपल्याभोवती धावपळ करतात, त्यानेही माणसाला बरं वाटतं हो!

आणखी एक. मज्जातंतू कापायची कल्पना नवी नाही. बीपीवर गोळ्या नव्हत्या तेव्हा सर्जन हेच शस्त्राने करत, दोन्ही बाजूंना आणि बरंच जास्त. बीपी उतरायचं, पण उभं राहिलं की माणूस चक्कर येऊन पडायचा. आता एकाच बाजूला करतात, तरी ७१ व्या वर्षी उठताना चक्कर येते का, हा प्रश्न आधी विचारा.

पंपिंग_साठ:
मला हेच निदान आहे. थोरली, वाकल्यावर अर्ध्या मिनिटात धाप लागते त्याला चक्क नाव आहे, बेंडॉप्निया. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी तीन वर्षं “वय झालं, वजन कमी करा” यावर काढली. इको आडवं झोपवून, आरामात केलेला, त्यात काय दिसणार? शेवटी व्यायाम करवून प्रेशर मोजलं तेव्हा सापडलं. आईंच्या डॉक्टरांना “वाकल्यावर धाप लागते” हे याच शब्दांत सांगा, नुसतं “दम लागतो” म्हणू नका. आणि फिनेरेनोन नावाच्या गोळीबद्दल विचारा. २०२४ मध्ये आमच्यासारख्या पंपिंगवाल्यांमध्ये त्याचा चांगला निकाल आलाय. पोटॅशियमवर मात्र नजर ठेवावी लागते. चपला मी आता खुर्चीत बसून, पाय गुडघ्यावर घेऊन घालते.

थोरली:
खूप आभार. आईला वाचून दाखवलं. शिल्लक छातीकडे जाते हे तिला लगेच पटलं. म्हणाली, “मग काट्यावर कशाला चढवतेस रोज?”

कॅथलॅबातला:
चढवाच. पाणी साठायला लागलं तर ते काट्यालाच आधी कळेल.

थोरली:
सांगितलं. वहीत आता वजनाशेजारी दुसरा रकाना आखलाय, ‘वाकल्यावर’. आज सकाळी तिने स्वतःच त्यात लिहिलं: “वाकलेच नाही.”