मदत हवी आहे : वाचनकक्षात जलरंगातली चित्रं कशी लावावीत?

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरला आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला एका दिवंगत चित्रकला शिक्षकांच्या घरच्यांनी त्यांची जलरंगातली चित्रं आणि जुन्या हिमरू शाली दिल्या आहेत. वेरूळच्या कैलास लेण्याच्या चित्रावरून तर नजर हटत नाही. ओल्या कागदावर पसरलेला करडा रंग अजून ताजा वाटतो. कपाटात कुलूपबंद ठेवायला मन धजत नाही.

पण मोकळी भिंत एकच, तिच्यावर पश्चिमेचं ऊन येतं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे. जलरंग नि कापडाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड हवा, नाहीतर रंग उडतात. मुलांना वाचायला ३०० तरी लागतो. एकाच दालनात हे कसं जमवायचं? चित्रं आलटूनपालटून लावावीत, तर किती महिन्यांनी? खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म कुणी लावली आहे का? आणि शाली काचेखाली सपाट ठेवाव्यात की रुळावर गुंडाळून?