हिरवे वर्तुळ कोणाला विचारून हिरवे होते?

(ही एका मंचावरची चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

ताळेबंद

एक्सेलमध्ये अर्ध्या तासात साहेबांना थक्क करणारा डॅशबोर्ड (कामगिरीचे आकडे एका नजरेत दाखवणारे पान) कसा बनवावा, हे सांगणारा एक लेख गेल्या आठवड्यात अनेकांनी एकमेकांना पाठवला. तो वाचून झालेला संताप इथे सविस्तर मांडतो. त्या लेखात प्रत्येक केपीआयसाठी, म्हणजे कामगिरी मोजणाऱ्या प्रत्येक ठळक आकड्यासाठी, एक स्पीडोमीटर आहे, आणि तो अर्ध्या डोनट चार्टवर पाय चार्टची सुई बसवून तयार केला आहे. उद्दिष्टाचा आकडा थेट फॉर्म्युल्यात टंकलेला आहे, तर रंगासाठी कंडिशनल फॉरमॅटिंगमधले (आकड्यानुसार सेलचे रूप बदलण्याच्या सोयीतले) तीन दिव्यांचे आयकॉन जसेच्या तसे लावलेले आहेत. हे अर्ध्या तासात होते, याबद्दल माझा वाद नाही. एप्रिलमध्ये नव्या वर्षाची उद्दिष्टे आल्यावर ते कोणी आणि कुठे कुठे बदलायचे, याबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही.

आयकॉनांचेच घ्या. हा संच मुळात ६७ आणि ३३ टक्क्यांवर रंग बदलतो, पण हे टक्के उद्दिष्टाचे नसतात; निवडलेल्या सेलमधल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांच्या दरम्यानच्या अंतराचे असतात. त्यामुळे पाचही प्लँट उद्दिष्टाच्या खाली असले तरी त्यांतल्या त्यात बरा प्लँट ऐटीत हिरवा दिसतो. रिजेक्शनसारख्या (नापास मालाच्या प्रमाणासारख्या), जितका कमी तितका चांगला अशा आकड्याला हेच आयकॉन लावले, तर सर्वांत वाईट प्लँट हिरवा दिसतो. शिवाय या आयकॉनांच्या अटींत सापेक्ष सेल-संदर्भ (ओळ बदलली की आपोआप बदलणारा सेलचा पत्ता) चालत नाही, म्हणून प्रत्येक ओळीचे उद्दिष्ट वेगळे असेल तर ओळीगणिक वेगळा नियम लिहावा लागतो, आणि पुढच्या वर्षी तो शोधत बसावे लागते.

उद्दिष्टांचे एक स्वतंत्र टेबल ठेवावे. त्यात केपीआयचे नाव, उद्दिष्ट कोणत्या तारखेपासून लागू आहे, उद्दिष्टाचा आकडा, पिवळ्या दिव्याची मर्यादा, आणि आकडा जास्त असणे चांगले की कमी असणे चांगले, एवढे लिहावे. स्थिती वेगळ्या कॉलममध्ये मोजून तिचे उत्तर एक, शून्य किंवा उणे एक (हिरवा, पिवळा किंवा लाल) असे काढावे आणि आयकॉन फक्त त्या उत्तराला लावावा. दिसणाऱ्या पानाने स्वतः काहीही मोजू नये.

रात्रपाळी

ताळेबंदराव, आपले विवेचन शास्त्रशुद्ध आहे, पण आपण शॉप फ्लोअरवर शेवटचे कधी उतरला होता, हे विचारण्याचा मोह आवरत नाही. भोसरीतल्या ज्या कारखान्यात मी काम करतो, तिथे माझ्या आधीच्या गृहस्थांनी अगदी आपल्या पद्धतीने फाइल बांधली होती. कच्चा डेटा एका शीटवर, उद्दिष्टे दुसऱ्यावर, गणना तिसऱ्यावर, आणि ही सर्व शीट लपवून त्यांना पासवर्ड लावलेला. गृहस्थ नोकरी सोडून गेले, पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला, आणि आम्हाला महिनाभर फळ्यावर खडूने आकडे लिहावे लागले. फॉर्म्युल्यात टंकलेले उद्दिष्ट निदान दिसते तरी. शिफ्ट सुपरवायझर सेलवर जातो, ८५ पुसतो आणि ८२ लिहितो. देखभाल जो करणार आहे त्याला जे समजते, तेच देखभालीला सोपे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारकून क्रमांक एक

दोघांच्याही वादात मूळ रोगाकडे दुर्लक्ष होत आहे, आणि तो रोग म्हणजे मर्ज केलेले सेल. शीर्षक मधोमध दिसावे एवढ्यासाठी लोक सहा सेल एकत्र करतात, त्यानंतर त्या पट्ट्यात सॉर्ट चालत नाही आणि कॉलम निवडायला गेले की शेजारचे पाच निवडले जातात. फॉरमॅट सेल्सच्या अलाइनमेंटमध्ये ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ हा पर्याय कित्येक वर्षांपासून आहे, पण तो उघडून पाहणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

ताळेबंद

रात्रपाळी, पासवर्ड लावणे ही आपल्या पूर्वसुरींची कर्तबगारी आहे. तिचे खापर टेबलावर का फोडता? सुपरवायझर ८५ चे ८२ करतो असे आपण अभिमानाने लिहिले आहे. त्याने ते कधी केले, कोणाच्या सांगण्यावरून केले, आणि मागच्या महिन्याचा लाल दिवा त्यामुळे आपोआप हिरवा झाला का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे आहेत काय? लागू तारखेचा कॉलम मी त्यासाठीच मागितला आहे. जुने महिने जुन्या उद्दिष्टावर मोजले जावेत, नवे नव्यावर.

फाइलची रचना दुर्लक्षित राहिली की काय होते, याचे जगजाहीर उदाहरण ऑक्टोबर २०२० मधले आहे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळले, कारण आलेला डेटा जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता आणि त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावतच नाहीत.

रात्रपाळी

इंग्लंडच्या साथीचे आकडे आणि आमच्या ब्रॅकेटचे रिजेक्शन यांची सांगड घालण्याचे धाडस आपणच करू जाणे. आमच्याकडे एका पाळीच्या साऱ्या नोंदी एका पानावर मावतात.

नेकारकाठ

मी श्टुटगार्टमध्ये मूळ कंपनीच्या बाजूला बसून पुण्याच्या प्लँटचे आकडे वाचते, म्हणून दुसऱ्या टोकाची अडचण सांगते. मागच्या तिमाहीच्या कार्डावर (डॅशबोर्डवरच्या आकड्याच्या चौकटीवर) ‘विक्री १२.४’ एवढेच लिहिले होते. पाठवणाऱ्याच्या मनात कोटी होते आणि वाचणाऱ्याच्या मनात दशलक्ष, म्हणजे सरळ दहापट फरक. खुलासा होईपर्यंत मीटिंग संपली होती. आंतरराष्ट्रीय व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनी लाख-कोटी सोडून दशलक्षच वापरावे, म्हणजे कार्डावर दर वेळी दुरुस्ती करावी लागणार नाही.

वजाबाकी

ताई, कार्डावर एकक लिहिलेले नव्हते हा दोष लिहिणाऱ्याचा आहे, कोटीचा नव्हे. आमचे बँकेचे पासबुक, जीएसटीचे विवरणपत्र आणि मालकाचे डोके, हे सर्व लाख-कोटीतच चालते. खरी अडचण साधनांची आहे. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड बनवण्याच्या साधनात कार्डाला तयार एकके आहेत ती हजार, मिलियन, बिलियन अशी. लाख आणि कोटी तिथे नाहीत. २०२३ पासून मेजरला (तिथल्या गणनेच्या फॉर्म्युल्याला) डायनॅमिक फॉरमॅट, म्हणजे आकड्यानुसार बदलणारे दिसणे, देता येते खरे, पण तोपर्यंत लोकांनी फॉर्म्युल्यातच एक कोटीने भागण्याची सवय लावून घेतली होती. मग एकाने मेजरमध्ये भागले, दुसऱ्याने कार्डासाठी पुन्हा भागले, आणि वार्षिक उलाढाल एखाद्या वडापावच्या गाडीइतकी दिसू लागली. साठवण नेहमी पूर्ण रुपयांत असावी आणि लाख-कोटी फक्त दाखवताना व्हावे, यावर मी तडजोड करणार नाही.

एक्सेलमध्ये लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसाठी जो कस्टम फॉरमॅट सर्वत्र फिरतो, त्यात एक कोटी किंवा जास्त आणि एक लाख किंवा जास्त अशा दोन अटी असतात. एका फॉरमॅटमध्ये दोनच अटी घालता येतात, त्यामुळे सर्व उणे आकडे तिसऱ्या भागात, म्हणजे साध्या हजारांच्या स्वल्पविरामांत, पडतात. परिणामी साडेबारा लाखांचा नफा १२,५०,००० असा दिसतो आणि तेवढाच तोटा -१,२५०,००० असा दिसतो. तोट्याच्या महिन्यात मालक आधीच चिडलेले असतात, त्यात ही भर.

नेकारकाठ

संगणकाच्या रीजन सेटिंगमध्ये भारत निवडला की साध्या फॉरमॅटलाही लाख-कोटीचे स्वल्पविराम मिळतात, उणे आकड्यांनाही, आणि तीच फाइल इथे उघडली की इथल्या पद्धतीने दिसते. मग त्या कस्टम फॉरमॅटचा सांभाळ कशाला?

वजाबाकी

कारण आमच्या कार्यालयात निम्म्या संगणकांवर अमेरिका निवडलेली आहे, ती बदलली की तारखांचा महिना आणि दिवस यांची अदलाबदल होते, आणि आयटी विभाग ती बदलण्याचे अधिकार देत नाही. परदेशातून हे सर्व फार सोपे दिसते.

नेकारकाठ

परदेशात राहिल्याने माझे गणित बिघडलेले नाही. मुद्द्यावर बोलावे.

मोजमाप

मी गुणवत्ता विभागात आहे, आणि दिव्याचा रंग व स्वल्पविराम यांवर एवढी शाई खर्च होत असताना मूळ आकडा बरोबर आहे की नाही हे कोणीच विचारलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. एका मशिनवर १०,००० नगांपैकी १०० नापास झाले, म्हणजे १ टक्का. दुसऱ्यावर १०० पैकी १०, म्हणजे १० टक्के. अनेक कार्डे या दोन टक्क्यांची सरासरी काढून साडेपाच टक्के रिजेक्शन दाखवतात, प्रत्यक्षात ते १०,१०० पैकी ११०, म्हणजे १.१ टक्क्यांच्याही आत आहे. म्हणून डेटामध्ये टक्केवारी साठवूच नये. अंश आणि छेद वेगळे साठवावेत आणि भागाकार शेवटी करावा.

ओईई, म्हणजे यंत्राची एकूण परिणामकारकता (उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार), याबाबतही तोच घोळ आहे. उपलब्धता ९०, वेग ९५ आणि गुणवत्ता ९९ टक्के धरून येणारे सुमारे ८५ हे उद्दिष्ट प्रत्येक मशिनला चिकटवले जाते, पण टूल बदलण्याचा वेळ उपलब्धतेतून वजा करायचा की नाही, यावर दोन पाळ्यांचे एकमत नसते. ताळेबंदांच्या टेबलात व्याख्येचा कॉलमच नाही, तेव्हा ते टेबलही अपुरेच म्हणावे लागेल.

ताळेबंद

व्याख्येचा कॉलम हवा, हे मान्य आहे. तो मी गृहीत धरला होता असे म्हणणार होतो, पण मोजमाप मला तसे म्हणू देणार नाहीत. त्याबरोबर उद्दिष्टाला मंजुरी देणाऱ्याचा हुद्दाही लिहावा. नाव लिहू नये, कारण माणसे बदलतात.

रात्रपाळी

बरे, ताळेबंदरावांच्या समाधानासाठी टेबल करतो, त्यावर पासवर्ड लावणार नाही, आणि ते पहिल्याच शीटवर उघडे ठेवीन, म्हणजे सुपरवायझरला ८२ लिहिण्याआधी तारीखही लिहावी लागेल. एवढे दिल्यावर स्पीडोमीटर मात्र कोणी मागू नये. साहेबांना तो आवडतो, आणि पगारवाढीचा कागद साहेबांकडून येतो. सुईला टेबलातला आकडा जोडून देतो.

ताळेबंद

सुईऐवजी डॅशबोर्डच्या मांडणीवर लिहिणाऱ्या स्टीफन फ्यू यांच्या बुलेट ग्राफसारखी आडवी पट्टी आणि उद्दिष्टाची उभी रेघ काढली, तर एका स्पीडोमीटरच्या जागेत चार केपीआय मावतील. साहेबांना सांगून पाहा, एवढेच म्हणतो.

नेकारकाठ

टेबलात आणखी एक कॉलम लागेल. उद्दिष्ट युरोत असेल, तर ते ठरवताना कोणता विनिमय दर धरला होता तो तिथे लिहावा आणि वर्षभर त्याच दराने रूपांतर करावे. नाहीतर रुपया घसरला की डिस्पॅच (पाठवलेला माल) तेवढाच असूनही पुण्याचा प्लँट आमच्या पडद्यावर लाल होतो.

वजाबाकी

ठरलेल्या दराने वर्षभर रूपांतर केले, तर आयात कच्च्या मालाचा खरा खर्च दडपला जाईल आणि मार्चअखेर तो एकदम अंगावर येईल. दोन्ही दरांनी दोन कार्डे करावीत, असे माझे म्हणणे आहे. पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे मला अजून उणे आकड्यांचेच उत्तर मिळालेले नाही.

कारकून क्रमांक एक

कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये शून्यापेक्षा कमी अशी अट घालून उणे आकड्यांसाठी दुसरा नंबर फॉरमॅट देता येतो. मात्र तो पट्टा आधी अनमर्ज करावा.